दुसऱ्या गाडीचे पुस्तक

आमच्या नागावच्या घरात पुस्तकांच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या फळीवर एक पुस्तक आहे. त्याची बांधणी सुटली आहे, दमट हवेने पाने फुगली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पानावर काळ्या, तेलकट अंगठ्यांचे ठसे आहेत. जुन्या प्रतीवरच्या वाचकखुणांचे आपल्याला, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना, मोठे अप्रूप असते. कुणी कोणत्या ओळीखाली रेघ ओढली, समासात काय लिहिले, यावरून आपण वाचनाचा इतिहास मांडू पाहतो. या पुस्तकातही रेघा आहेत आणि समासात पेन्सिलीने लिहिलेला मराठी मजकूर आहे. मात्र ते ब्रिटनमध्ये छापलेले, फियाट ११०० या मोटारीच्या दुरुस्तीचे मॅन्युअल आहे.

वडिलांनी ते १९९२च्या सुमारास मुंबईत हुतात्मा चौकाच्या फूटपाथवरून आणले. थोडेच दिवस आधी घरात एक जुनी प्रीमियर पद्मिनी आली होती. पुस्तकावर 'फियाट ११००' असे छापलेले होते आणि आमच्या गाडीला सारे गाव फियाटच म्हणत असे. एवढ्या पुराव्यावर निवड झाली. ती चुकली होती, हे काही महिन्यांनी कार्लेखिंडीच्या उतारावर कळले. ती हकीकत पुढे येईल. त्या चुकीच्या मागे एक इतिहास आहे आणि तो मोटारीइतकाच भाषेचाही आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याची मांडणी करण्याचा हा प्रयत्न.

मोटारीविषयीची पुस्तके स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिली, गाडीबरोबर मालकाला मिळणारी पुस्तिका. कोणते बटण कशाचे, चाकांत हवा किती, तेल कधी बदलायचे, हे ती सांगते. जरा अडचण आली की कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे बोट दाखवून गप्प बसते. दुसरे, कारखान्याने आपल्या प्रशिक्षित कारागिरांसाठी काढलेले वर्कशॉप मॅन्युअल. त्यात सारे काही असते, पण वाचणाऱ्याला निम्मे आधीच येते आणि त्याच्यापाशी कारखान्याची खास हत्यारे आहेत, असे ते धरून चालते. तिसरा प्रकार बाहेरच्या प्रकाशकाच्या पुस्तकाचा. त्याचा वाचक म्हणजे घरच्या अंगणात गाडी उभी असलेला, चार पाने, एक पकड आणि एक सुट्टीचा दिवस हाताशी असलेला सामान्य मालक. पहिले पुस्तक वाचकाला यंत्रापासून दूर ठेवते, दुसरे त्याला ओळखतच नाही, तिसरे त्याचा हात धरून बोनेटखाली नेते. समीक्षेत आपण ज्याला 'अभिप्रेत वाचक' म्हणतो, त्याचे इतके रोखठोक उदाहरण कादंबरीतही सहसा सापडत नाही.

या तिसऱ्या प्रकाराला रूढ रूप मिळाले ते जॉन हेन्स या इंग्रजामुळे. हेन्स १९६५ साली ब्रिटिश वायुदलाच्या नोकरीत एडनला होता. एडन म्हटले की मराठी वाचकाला आठवतात ते वासुदेव बळवंत फडके. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणच्या या क्रांतिकारकाचा १८८३ साली एडनच्या तुरुंगात अंत झाला. त्याच एडनमध्ये हेन्सच्या एका सहकाऱ्याने मोडकळीला आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी विकत घेतली आणि तिच्या दुरुस्तीसाठी हेन्सची मदत मागितली. कारखान्याचे मॅन्युअल सामान्य मालकाच्या उपयोगाचे नाही, हे हेन्सच्या तेव्हा ध्यानात आले. त्याने कॅमेरा आणला, इंजिन सुटे करून पुन्हा बांधले आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले. १९६६ साली निघालेल्या त्या पहिल्या पुस्तकाची ३००० प्रतींची आवृत्ती तीन महिन्यांच्या आत संपली. लिहिणाऱ्याने आधी स्वतःच्या हाताने गाडी पूर्ण खोलावी, मग लिहावे, हा दंडक त्यातून पडला. अनुभवाच्या प्रामाणिकपणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. इथे तो व्यवसायाचा नियमच होता.

पुढे १९६९ साली अमेरिकेत जॉन म्यूर या इंजिनियरने फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी, यावर पुस्तक लिहिले आणि ते अगदी अडाणी माणसासाठी आहे, असे शीर्षकातच जाहीर केले. १९७४ साली रॉबर्ट पर्सिगची 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' ही कादंबरी आली. पर्सिगने स्वतः तांत्रिक मॅन्युअले लिहिण्याची नोकरी केली होती. ही पुस्तके प्रेक्षकाच्या भूमिकेतून लिहिलेली असतात, यंत्र आणि माणूस यांच्यातले नाते त्यांत कुठेच येत नाही, ही त्याची तक्रार आपल्या अभ्यासवर्गांत अजूनही वाचण्याजोगी आहे.

आता आपल्याकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जात. १९५४पासून फियाट ११०० येऊ लागली. १९६४ साली तिचे 'डी' हे रूप आले आणि सत्तरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन आधी 'प्रेसिडेंट' व मग 'पद्मिनी' ही नावे आली. गाडीचा सांगाडा मात्र तोच राहिला आणि जवळजवळ शतक संपेपर्यंत ती निघत राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली.

या काळातल्या मोटारमालकाची स्थिती पाहा. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. आयातीला बंदी होती. म्हणून एकच गाडी वीस-पंचवीस वर्षे, दोन-तीन मालकांच्या हातांतून चाले. दुरुस्तीची गरज युरोपातल्या मालकापेक्षा इथे कितीतरी अधिक होती. घरगुती दुरुस्तीचे पुस्तक जगात कुठे रुजायला हवे होते, तर ते इथे. तरीही मराठीत तो प्रकार रुजला नाही. मोटार चालवायला शिकवणारी पुस्तके निघाली, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके निघाली. एका ठरावीक गाडीच्या मालकाला 'ये, आपण ही खोलू' असे म्हणणारे पुस्तक काही आपली परंपरा झाले नाही.

याचे सोपे उत्तर असे की ज्याच्याकडे गाडी होती त्याला इंग्रजी येत होते आणि ज्याला गाडी दुरुस्त करता येत होती त्याला पुस्तकाची गरज नव्हती. ते खरेही आहे, पण त्यातच दुखणे आहे. वाचणारा हात आणि राबणारा हात हे आपल्याकडे दोन वेगळ्या माणसांचे होते. मालक मागे बसे, ड्रायव्हर पुढे. बिघाड झाला की गाडी उस्तादाकडे जाई. उस्तादाची विद्या शागिर्दाकडे डोळ्यांतून आणि कानांतून उतरे. ती कागदावर उतरवावी असे दोघांनाही वाटण्याचे कारण नव्हते. ज्ञानाच्या या वाटणीला जातीचा आणि वर्गाचा जुना आधार होता, हे निराळे सांगायला नको. हाताला तेल लागणे हे शिकलेल्या घरात कमीपणाचे समजले जाई. आमच्या वडिलांनी पहिल्यांदा गाडीखाली चटई टाकली, तेव्हा वाडीच्या गडग्यापलीकडून आलेला प्रश्न गाडीविषयी नव्हताच. "गुरुजी, तुम्ही कशाला?" असा तो प्रश्न होता.

मराठीला हाताने करायच्या कामाविषयी लिहिता येत नव्हते, असे मात्र मुळीच नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, तेव्हा यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांच्यात मराठीतून बोलणे सुरू झाले होते. तेच मासिक पुढे 'किर्लोस्कर' झाले, आणि आपण त्याचा इतिहास लिहितो तो कथा-लेखांचा म्हणून. नागपूरहून निघणाऱ्या 'उद्यम' मासिकाने लहान धंद्यांची आणि घरगुती उद्योगांची कृतीपर माहिती वर्षानुवर्षे दिली. आपल्या वाङ्मयेतिहासात त्याला जागा नाही. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. घरातली वाटी आणि घरातलाच चमचा हे माप धरून लिहिलेल्या या पुस्तकाने हजारो घरांतल्या नव्या सुनांना आणि पुढे परदेशी गेलेल्या मुलांना स्वयंपाक शिकवला. हेन्सने स्प्राइटसाठी जे केले, तेच हे होते. ज्याच्या हातात काम आहे त्याच्यापाशी असलेल्या साधनांनी बोलायचे, कारखान्याच्या साधनांनी नव्हे. मराठीत उत्तम मॅन्युअल लिहिले गेले. ते स्वयंपाकघरासाठी लिहिले गेले, कारण तिथे वाचणारा आणि राबणारा हात एकाच बाईचा होता.

मोटारीच्या वाट्याला मात्र दोन मराठी आल्या आणि त्यांची गाठ पडली नाही. एक कोशांची. मराठी विश्वकोशात 'अंतर्ज्वलन-एंजिन' ही भारदस्त नोंद आहे आणि ती मन लावून वाचणाऱ्याला इंजिनाचे तत्त्व नीट कळते. पिस्टनला 'दट्ट्या' आणि व्हॉल्व्हला 'झडप' हे शब्दही चांगले, घरगुती आहेत. दुसरी मराठी गॅरेजची. तिथे बोल्टचे 'आटे जातात', इंजिन 'उतरवतात' आणि 'बांधतात', गाडी 'मिसिंग करते', 'पिकअप घेत नाही', पॉइंट 'घासून' बसवतात. तत्त्व समजावणारी भाषा हात कसा चालवायचा ते सांगत नाही, आणि हात चालवणारी भाषा छापखान्यापर्यंत पोचत नाही. मधली जागा इंग्रजी पुस्तकाने घेतली. तीही फक्त ज्यांना ते वाचता येई त्यांच्यापुरती.

व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर ही दरी आणखी स्पष्ट दिसते. सूचना देण्याचे मराठीत निदान तीन मार्ग आहेत. 'करावे' हा विध्यर्थ परिपत्रकाचा. त्यात सांगणारा दिसत नाही. 'करा' हा आज्ञार्थ फलकाचा. त्यात सांगणारा वर आणि ऐकणारा खाली असतो. तिसरा मार्ग बोलीतला: 'आधी हा नट सैल करायचा, मग ड्रम ओढायचा, घाई नाही करायची.' या 'करायचा'मध्ये सांगणारा आणि ऐकणारा एकाच कामावर वाकलेले असतात. आजी नातीला पुरणाचे असेच सांगते, उस्ताद शागिर्दाला असेच सांगतो, आमच्या अष्टागरात रहाटाची माळ बांधणारा जाणता माणूसही असेच सांगत असे. छापील मराठीने हा प्रकार बोलीचा म्हणून दूर ठेवला. दुरुस्तीच्या पुस्तकाला नेमकी हीच क्रियापदे हवी होती.

आता कार्लेखिंड. वडिलांनी आणलेले पुस्तक फियाट ११०० 'आर'चे होते. इटलीत १९६६ साली 'डी' थांबली आणि 'आर' आली. कुर्ल्याचा कारखाना मात्र 'डी'लाच धरून राहिला. 'आर'च्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, आमच्या पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम. तेव्हा 'डी'चे पुस्तक आणायला हवे होते म्हणावे, तर इटलीतल्या 'डी'चे इंजिन १२२१ सी.सी.चे आणि पद्मिनीचे १०८९. थोडक्यात, अंग एकीचे आणि हृदय दुसरीचे अशी ही गाडी होती. परदेशातले कोणतेही एक पुस्तक तिला पुरते लागू पडणारे नव्हते. नावावरून पुस्तक निवडू नये, मॉडेल, वर्ष आणि इंजिनाचा क्रमांक ताडून निवडावे, हा या क्षेत्रातला पहिला धडा आम्ही असा शिकलो. पाठसंशोधनातही पहिला धडा हाच असतो: समोरची प्रत कोणत्या परंपरेतली, ते आधी ठरवा.

गंमत अशी की त्या चुकीच्या पुस्तकातले एक प्रकरण आम्हांला तंतोतंत लागू पडले, ते गंजाचे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीचा तळ खाते. म्हणून गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, कडेची भोके मोकळी ठेवावीत, असे त्यात तपशीलवार सांगितले होते. नागावात बर्फ नाही, पण समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि खारा वारा वर्षभर वाहतो. कारण वेगळे, परिणाम तोच. वडिलांनी ते प्रकरण अक्षरशः पाळले आणि त्यामुळे पुस्तकावरचा त्यांचा विश्वास वाढला. त्याच विश्वासावर त्यांनी ब्रेकला हात घातला.

पुढच्या चाकांचे प्रकरण डिस्कचे होते, म्हणून त्यांनी ते गाळले आणि मागच्या ड्रमच्या प्रकरणावरून पुढचे काम अंदाजाने उरकले. ब्रेकच्या नळीत थोडी हवा राहिली. गाव सपाट, त्यामुळे दोन दिवस काही जाणवले नाही. तिसऱ्या दिवशी पेणहून परतताना खिंडीच्या उतारावर पेडल मऊ लागले, मग पार खाली गेले. मागच्या सीटवर आई आणि मी होतो. वडिलांनी गिअर उतरवला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेत थांबवली. कुणाला काही झाले नाही. बराच वेळ कुणी बोललेही नाही.

गाडी अलिबागच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या उस्तादांनी चाक खोलले, सारा प्रकार ओळखला आणि मग, मला अजून आठवते, हात पुसून ते पुस्तक मागितले. इंग्रजी त्यांना येत नव्हते. त्यांनी चित्रे पाहिली, डिस्कच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाले, "पुस्तक खोटं नाही, गुरुजी. ते दुसऱ्या गाडीचं आहे." वडिलांना ते वाक्य लागले, पण त्यांनी पुस्तक फेकले नाही. पुढची दोनेक वर्षे सुट्टीच्या दिवशी ते गॅरेजमध्ये जात. वडील परिच्छेद वाचून मराठीत सांगत, उस्ताद 'हे आपल्याला चालतं', 'हे नाही चालत', 'इथे असं करायचं' असे सांगत, आणि वडील समासात लिहून घेत. गॅरेजमधली दोन पोरे भोवती उभी राहून ऐकत. ज्या पुस्तकाची मराठीत उणीव होती, ते त्या समासांत पेन्सिलीने लिहिले जात होते.

नागावशेजारच्या आक्षीला मराठीचा अतिशय जुना शिलालेख आहे. तो शके ९३४चा, म्हणजे १०१२ सालचा मानला जातो. विद्यार्थ्यांना तो दाखवायला नेतो तेव्हा मी सांगतो की मराठीतले आरंभीचे लेखन काव्यासाठी झालेले नाही. ते दान, हद्द आणि ताकीद यांसाठी, म्हणजे व्यवहारासाठी झाले. व्यवहाराची भाषा ही भाषेची खालची पायरी, हा समज आपण नंतर करून घेतला. त्याची किंमत आपण अनेक ठिकाणी मोजली. कार्लेखिंड हे त्यांतले एक.

आज हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. गाड्यांत संगणक आले. बिघाड ओळखण्याचे साधनच कंपनीच्या कुलपात गेले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळत नाही, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता. त्यावर पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या कल्पनेसाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. हेन्सच्या कंपनीने मात्र २०२०मध्ये, नव्या गाड्यांची छापील मॅन्युअले यापुढे काढणार नाही, असे जाहीर केले होते. माहिती खुली झाली, तरी ती कुणाला उद्देशून आणि कोणत्या भाषेत खुली होणार, हा प्रश्न उरतोच. तो कायदा सोडवणार नाही. तो लिहिणाऱ्यांनी सोडवायचा आहे.

कुणी घरच्या गाडीसाठी पुस्तक निवडायला आले, तर मी तीन गोष्टी पाहायला सांगतो. ते नेमके आपल्याच गाडीचे आहे का? ते आपल्यापाशी असलेल्या हत्यारांनी बोलते का? आणि कुठे थांबायचे, कुठे जाणत्याला बोलवायचे, हे ते सांगते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या पुस्तकात ब्रेकच्या प्रकरणाच्या समासात, वडिलांच्या अक्षरात आहे. ब्रेकमधली हवा काढताना एकाने पेडल दाबायचे असते आणि दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल सैल करायचा असतो. त्या दिवसानंतर हे काम घरी निघाले की पेडलवर मी असे, चाकापाशी उस्ताद, आणि मध्ये पुस्तक घेऊन वडील. "दाब. धर. सोड." एवढीच तीन क्रियापदे तासभर चालत. त्या छापील परिच्छेदावर वडिलांनी काट मारली आहे आणि शेजारी लिहिले आहे: 'इथे आपल्याकडे ड्रम. एकट्याने करायचे नाही.'